धुऱ्यावरचे गवत



आज तुम्हांला गवताची गोष्ट सांगतो. गवताची काय गोष्ट सांगायची, असे म्हणाल. ऐका तर खरे.

कयाधू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आमचे दोन एकर बरड रान आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम. पूर्वी तो गुरांचा माळ होता. १९७२ चा दुष्काळ पडला. घरात दाणा नव्हता. पुढच्या साली वडिलांनी माळ मोडून नांगर घातला. त्यांचे काय चुकले? पोटाला हवे होते. आधी ज्वारी पेरली, मग कापूस, मग सोयाबीन. दर पावसात थोडी माती ओढ्यात गेली. शेवटी बियाण्याचेही पैसे निघेनात. मी रान पडीक टाकले.

मला वाटले, आता गवत आपोआप येईल. आले! पण कोणते? गाजरगवत. हे आपल्या देशातले नव्हे, अमेरिकेकडचे. आपल्याकडे ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. आता कुठे नाही? गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. माणसाच्या अंगाला खाज सुटते. एका झाडाला हजारो बिया येतात.

गावात लाल कंधारी गाई राखणारे एक म्हातारबा आहेत. शाळेची पायरी कधी चढले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, रानात काय बघता? धुऱ्यावर बघा."

मी धुऱ्यावर गेलो. तिथे पवन्या होता, मारवेल होते, कुसळी होती. धुऱ्यावर नांगर फिरत नाही. म्हणून जुन्या माळाचे बी तिथे जीव धरून राहिले होते. इतकी वर्षे मी त्यावरून चालत होतो, पण दिसले नव्हते.

मग कामाला लागलो. दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावरचे बी झाडून घेतले. माती आणि शेण यांत कालवून पावसाआधी रानात टाकले. गाजरगवत फुलावर येण्याआधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटले. हाताला फडके बांधायचे, विसरायचे नाही. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकले. तरोटा दाट उगवतो आणि गाजरगवताला दाबतो. शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे बायांना सांगायला नको!

शेळ्या मात्र आत सोडल्या नाहीत. यावरून घरात भांडण झाले. मी हिवरे बाजारचे उदाहरण दिले. ते गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने डोंगरावर चराई बंद केली. गवत विळ्याने कापून गोठ्यात न्यायचे, असे ठरले. मुळे राहिली, म्हणून गवत वाढले, पाणीही जिरले. आमची मंडळी म्हणाली, "ते अख्खं गाव हाय, तुम्ही एकटे."

खरेच आहे ते. दोन वर्षे लोक हसले. तिसऱ्या वर्षी मारवेल गुडघ्याला लागले. बोर आणि पळस आपोआप उगवले. सकाळी तितर ओरडू लागला.

कोणी म्हणाले, निलगिरी लावा. मी नाही लावली. माळाला झाडांनी भरून टाकणे बरे नव्हे. चंडोलाला उघडे रान लागते. वाशीम-अकोल्याकडे पावसाळ्यात तणमोर नावाचा पक्षी गवतात येतो. माळ मोडले, म्हणून तो फार थोडा उरला आहे.

आता एक गोष्ट लपवीत नाही. शेजारचा भाऊ म्हणतो, "गुरुजी, तुमच्या गवतात डुकरं लपतात आन् माझी तूर खातात." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याच्या बाजूचा दहा हात पट्टा मी साफ ठेवतो. पहिले गवत त्यालाच फुकट देतो. यंदा त्याने चार गाड्या नेल्या. पण तूर यंदाही गेली, आणि तो माझ्याशी धड बोलत नाही. यावर कुणाला उपाय सुचला तर मला सांगा.

दिवाळीला बी झाडायचे आहे. ज्यांचे बरड रान पडून आहे, त्यांनी टोपले घेऊन यावे.