विंडोज टेनचं आता काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आपल्यापैकी बहुतेकांना आठवतही नसेल. त्या दिवशी घरातला कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला, वीजबिल भरलं गेलं, नातवाचं प्रोजेक्ट छापून झालं. मायक्रोसॉफ्टने मात्र त्याच दिवशी विंडोज टेनची देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ ला आलेलं हे विंडोज. त्या वर्षी कंपनीच्याच एका वक्त्याने जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं, की हे शेवटचं विंडोज. सहा वर्षांत अकरावं आलं.

तेव्हापासून घरोघरी एकच चर्चा आहे. पडदाभर सूचना येते, ती बंद केली की काही दिवसांनी पुन्हा येते. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, अपग्रेड करून टाका." दुकानदार म्हणतो, "काका, याचा डबा झालाय, नवीनच घ्या." शेजारचे म्हणतात, "काही होत नाही हो, आमचा अजून सेव्हनवर चालतोय." प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे.

देखभाल थांबली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते, त्या टेनसाठी यायच्या थांबल्या, एवढाच त्याचा अर्थ. वरवर बघता यात घाबरण्यासारखं काय? गोम अशी आहे, की टेन आणि अकरा यांचं आतलं बरंचसं काम एकच आहे. अकरासाठी दुरुस्ती बाहेर पडली, की ती उलगडून नेमकं कुठलं भोक बुजवलंय ते हुडकणारी मंडळी जगभर बसलेली असतात. तेच भोक टेनमध्ये असलं तर तिथे ते उघडंच राहतं, आणि आता त्याचा पत्ताही सगळ्यांना कळलेला असतो. त्यामुळे जुन्या विंडोजचा धोका पहिल्या दिवशी नगण्य असतो आणि दर महिन्याला चढत जातो.

हे नुसतं भय दाखवणं नव्हे. २०१७ सालची गोष्ट सांगतो. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकासाठी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर शिरला. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवण्यासाठी पैसे मागायचा. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच संपली होती, तरी प्रकरण एवढं हाताबाहेर गेलं, की मायक्रोसॉफ्टला घाईघाईने एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, 'नॉटपेट्या' आला. पसरताना त्यानेही त्याच भोकाचा उपयोग केला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरचे ट्रक खोळंबले.

आता यातला जो भाग सहसा सांगितला जात नाही, तो सांगतो. वॉनाक्रायने सर्वांत जास्त गाठले ते एक्सपीवाले नव्हते, विंडोज सेव्हनवाले होते. सेव्हनची देखभाल तेव्हा चालू होती आणि दुरुस्ती दोन महिने आधी येऊन पडली होती. ती लावलीच नव्हती! तेव्हा अकरा घेऊन अपडेट बंद करून ठेवणाऱ्याने टेनवाल्याला हसू नये.

शेजाऱ्यांच्या सेव्हनचंही बघू. तो चालतोय, हे खरंच. पण गूगल क्रोमची सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची, २०२३ च्या सुरुवातीची. त्यानंतरचं क्रोम त्यावर बसतच नाही. जुनं विंडोज घरात मरतं ते असं. मशीन धडधाकट असतं, पण ब्राउझर मागे पडतो, मग एखादी वेबसाइट अर्धवट उघडते, दुसरी 'ब्राउझर अपडेट करा' म्हणून दारातूनच परत पाठवते. टेनवर ही वेळ इतक्यात यायची नाही. मायक्रोसॉफ्टने आपला एज ब्राउझर आणि डिफेंडरची विषाणूंची यादी टेनवर ऑक्टोबर २०२८ पर्यंत ताजी ठेवू असं म्हटलंय. दिलासा आहे, पण त्याने विंडोजच्या पोटातली भोकं बुजत नाहीत.

मग अपग्रेड करायचं की नाही? मला विचाराल तर हा प्रश्न कॉम्प्युटरच्या वयाचा नाही. त्यावर तुम्ही काय करता, याचा आहे. ज्या मशीनवर बँकेचं खातं उघडता, आयकराचं विवरण भरता, पॅन-आधारच्या प्रती ठेवता, ते मशीन दुरुस्त्या मिळत नसलेल्या विंडोजवर ठेवू नका. इथे माझं मत ठाम आहे.

त्यासाठी आधी मशीन अकराला चालतंय का ते बघा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट साधन आहे, ते हो किंवा नाही सांगतं. त्याआधी अंदाज घ्यायचा तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली 'अबाउट' उघडून प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलचा 'आय फाइव्ह' असेल, तर त्यापुढच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा बघायचा. ७२०० असेल तर सातवी पिढी, यादीत नाही. ८२५० असेल तर आठवी, चालेल. ढोबळ मानाने २०१८ नंतर घेतलेल्या मशीनची चिंता नको. साधनाने 'टीपीएम २.० नाही' असं सांगितलं तरी लगेच हात टेकू नका. ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय असते आणि पुष्कळ मशीनमध्ये ती असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. माहितगार माणूस पाच मिनिटांत चालू करून देतो. एवढ्यासाठी कोणी नवा मदरबोर्ड सुचवला तर दुसरं दुकान गाठा.

टेन अस्सल असेल तर अकरा फुकट मिळतं. किमान ४ जीबी रॅम लागते असं कागदावर लिहिलंय. तेवढ्यावर अकरा चालवून बघितलेला माणूस पुन्हा तसं करत नाही. आठ हवीच. आणि मशीनमध्ये अजून फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी टाका. विंडोज नवं की जुनं, याने जेवढा फरक पडत नाही तेवढा या एका बदलाने पडतो. 'अपग्रेड केल्यावर स्लो झालं' अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी डिस्क कुठली आहे ते विचारतो.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवा, लावलेली ठेवू नका, कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेली डिस्कही सोडत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. हे मुद्दाम सांगतोय. नव्याने बसवलेलं अकरा अनेकदा डिस्क आपोआप कूटबद्ध करतं आणि तिची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. पुढेमागे मशीनने ती मागितली आणि खातं तर मुलाने कुठल्याशा ईमेलवर उघडलेलं, अशी गत झाली की डेटा गेलाच म्हणून समजा.

आणखी एक. अपग्रेड झाल्यावर दहा दिवसांपर्यंत टेनवर परत जाता येतं. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी'खाली तशी सोय असते. दहा दिवस उलटले की जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या जातात. तेव्हा त्या दहा दिवसांत सगळं वापरून बघा. प्रिंटर, स्कॅनर, टॅली, डिजिटल सहीचा टोकन, मुलीचा वेबकॅम. अकराव्या दिवशी 'प्रिंटर चालत नाही हो' म्हणण्यात अर्थ नाही.

आता त्या मशीनकडे येतो, ज्याला हात लावू नये. आपल्याकडे ते फार आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे, दिवाळी अंकाच्या अक्षरजुळणीवाल्याकडे, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या खोलीत. त्यावर पेजमेकर आहे, श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम आहे, मागे एक डोंगल खोचलेला आहे आणि वीस वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. प्रणाली बहुधा ३२ बिटची. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटचा ड्रायव्हर त्यावर बसत नाही, म्हणजे डोंगल ओळखला जात नाही आणि जुना लेझर प्रिंटरही रुसतो. फॉन्टची फाइल नव्या मशीनवर उचलून नेता येते, पण टाइप करणारा प्रोग्राम चालेलच असं नाही.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, हे बरोबरच आहे. पण ते एका रात्रीत होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'पिशवी' लिहिताना पहिली वेलांटी आधी यायची, मग प. डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आधी प साठवला जातो, मग वेलांटी. रफाराचं उलट: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. परिवर्तकं हे बदल करतात, तरी जोडाक्षरावर वेलांटी आली की अडखळतात. 'मूर्ती'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. शंभर पानं बदलली तर शंभर पानं डोळ्यांखालून घालावीच लागतात. म्हणून अशा मशीनचा इंटरनेटचा दोर काढा, पेन ड्राइव्ह लावायचा तर दुसरीकडे तपासून लावा, आणि ते आहे तसं काम करू द्या. दरम्यान नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोज टेनमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कळफलक आहे, अकरातही आहे. बाहेरून काही विकत घ्यायची गरज नाही.

राहिले ते, ज्यांच्या मशीनवर बँकेचं काम होतं पण अकरा बसत नाही. सातव्या पिढीचा लॅपटॉप, दिसायला नवाकोरा. हा नियम ग्राहकाच्या सोयीचा नाही, हे स्पष्टच बोलायला हवं. चालू मशीन अडगळीत टाकायला लावणारा निर्णय कुठल्याही सुरक्षेच्या नावाखाली गोड लागत नाही. इंटरनेटवरच्या युक्त्या वापरून अशा मशीनवर अकरा बसवता येतं, पण पुढच्या दुरुस्त्या येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग उपयोग काय? क्रॅक मारून 'सगळं टाकून देतो' म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. त्या क्रॅकमधून काय काय आत येतं ते त्यालाही ठाऊक नसतं.

सध्याचा सोपा मार्ग म्हणजे वाढीव मुदत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने टेनच्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना काढली आहे. टेनची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं.

त्यापुढचा मार्ग लिनक्सचा. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यांना लिनक्स मिंट पुरे पडतं. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कवरच्या कशालाही धक्का लागत नाही. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी उमटली, प्रिंट निघाली, तर बसवा. टॅली लागत असेल किंवा ऑफिसातून येणाऱ्या एक्सेलच्या गुंतागुंतीच्या फायली लागत असतील, तर त्या वाटेला जाऊ नका. आग्रहाने लिनक्स बसवून देणारे भाचे दुसऱ्या आठवड्यात फोन उचलत नाहीत.

आणि नवीनच घ्यायचं ठरवलंत तर जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात देण्याआधी आतली डिस्क काढून घ्या. फायली डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, तरी त्या परत काढता येतात. डिस्क काढणं हे चार स्क्रूंचं काम आहे, दुकानदाराला तुमच्यासमोर करायला सांगा.