रेडिओ कोणाचा?

(चारकोप, कांदिवली येथे बांधकामावर आलेल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी बांधवांची बैठक जानेवारी १९९८ मध्ये झाली. तिथे एका तरुण कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. पाड्यापाड्यात वाचून दाखवावे.)



दिवसभर घमेली वाहून तुम्ही इथे बसला आहात, म्हणून लांबण लावत नाही. इथून जवळच, खाडीच्या अंगाला, मालवणीला आकाशवाणीचे उंच मनोरे आहेत. तिथून सुटलेला आवाज आपल्या पाड्यात पोचतो. एस.टी. पोचत नाही, डॉक्टर पोचत नाही, पण तो आवाज पोचतो. तो आवाज कोणाचा, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी माझ्या घरची गोष्ट. १९९६ च्या पावसाआधी एक जंगल गार्ड आमच्या पाड्यात आला. म्हणाला, "दिल्लीत नवा कायदा झालाय, प्लॉट सगळे जाणार. नांगर घालाल तर जेलात जाल." माझा काका घाबरला. त्या साली त्याने प्लॉट पेरला नाही. ना नागली, ना वरी. दिवाळीआधीच कणगी रिकामी झाली आणि काका-काकी पोरं घेऊन वीटभट्टीवर गेले. नंतर बैठकीत कळलं की असा कायदा झालाच नव्हता. उलट ७ मार्च १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की महाराष्ट्रातल्या वनजमिनीच्या दाव्यांची नीट चौकशी करा, खात्याच्या कागदाशिवाय दुसरा पुरावाही बघा.

आमच्या पाड्यात तेव्हा रेडिओ होता. पण सेल संपले होते. लग्नात गाणी लावायला आम्ही सेल आणले, बातम्यांसाठी कोणी आणले नाहीत. खोटं बोलणारा खोटं बोलला हे खरं, पण आमचेही कान बंद होते.

आता कोणी म्हणेल, सेल आणले म्हणजे झालं का? रेडिओ तरी खरं बोलतो का? बरोबर विचारलं. २६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं की आणीबाणी लागली आहे. मी तेव्हा झोळीत होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि रेडिओ तर सरकारचाच होता. तेव्हा रेडिओ-टीव्हीचे मंत्री कोण होते? इंद्रकुमार गुजराल, जे आज पंतप्रधान आहेत. थोड्याच दिवसांत ते खातं त्यांच्याकडून काढलं आणि विद्याचरण शुक्लांना दिलं. मंत्र्याची ही गत, तर बातम्या वाचणाऱ्याची काय असेल?

पुढे फेब्रुवारी १९७७ मध्ये निवडणूक आली. दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती. लोक घरात बसावेत म्हणून त्याच वेळी दूरदर्शनवर 'बॉबी' सिनेमा लावला. तरी मैदान भरलं! माणसाला जेव्हा खरं ऐकायचं असतं तेव्हा तो सिनेमा सोडून जातो.

त्यानंतर जनता सरकार आलं. त्यांनी वर्गीज समिती नेमली. समिती म्हणाली, रेडिओ आणि टीव्ही सरकारच्या हातातून काढा. कायदा झाला तो १९९० साली, प्रसार भारतीचा. आणि मग सात वर्षं तो तसाच पडून राहिला. किती पंतप्रधान आले आणि गेले. खुर्चीबाहेर असताना सगळ्यांना रेडिओ मोकळा हवा असतो. खुर्चीवर बसले की तोच रेडिओ गोड वाटायला लागतो. शेवटी १५ सप्टेंबर १९९७ ला कायदा लागू झाला आणि नोव्हेंबरात प्रसार भारती उभी राहिली. म्हणजे अजून दोन महिन्यांचं बाळ आहे.

या कायद्याचं कलम १२ तुम्ही लक्षात ठेवा. त्यात लिहिलं आहे की लोकांना मोकळेपणाने खरी माहिती मिळण्याचा हक्क जपायचा. दूरच्या, मागास भागातल्या लोकांची सेवा करायची. आदिवासींच्या गरजा बघून कार्यक्रम द्यायचे. आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या लहरींवरून आवाज येतो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. आपल्या प्लॉटचा निकाल त्यानंतर महिन्याच्या आतच आला. एकाच कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. हवेतली लहर लोकांची, आणि प्लॉट कसणाऱ्याचंही ऐका.

पण कोर्टाच्या निकालाने जमीन आपोआप सातबाऱ्यावर चढत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? रेडिओचंही तसंच आहे. पैसा अजून सरकारकडूनच येतो. देशाच्या सुरक्षेचं नाव घेऊन 'हे लावा, हे लावू नका' असा हुकूम देण्याची वाटही कायद्यात ठेवली आहे. म्हणून राखण आपल्यालाच करायची आहे. पिकात रानडुक्कर शिरू नये म्हणून माळ्यावर बसतो ना, तशी.

फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक सुरू होते. मोठ्या पक्षांना रेडिओवर आणि टीव्हीवर बोलायला फुकट वेळ मिळतो. म्हणून प्रत्येक पाड्याने चार कामं करावीत.

एक, घरामागे रुपया काढून सेल आणा. ते सेल बातम्यांचे, त्यावर गाणी नाहीत.

दोन, सगळ्यांनी एका अंगणात बसून ऐका. शाळेतल्या पोराने वहीत लिहून घ्यावं. कोणता पक्ष वनजमिनीचं नाव घेतो? आपल्या भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा डिसेंबर १९९६ चा कायदा कोणाच्या तोंडी येतो? जो बोलत नाही त्याच्या नावापुढे रिकामी रेघ ठेवा. मत मागायला आला की ती रेघ दाखवा.

तीन, कोणी साहेब 'कायदा झालाय' म्हणाला तर कागद मागा. कागद दाखवल्याशिवाय नांगर सोडायचा नाही.

चार, आपलं काही रेडिओवर येत नसेल तर केंद्राला पोस्टकार्ड टाका. एकाने टाकू नका, साऱ्या पाड्याने टाका. मालक गप्प बसला तर गडी आपल्या मनाचंच करणार.

माझ्या काकाने गेल्या पावसात प्लॉट पुन्हा पेरला. गार्ड आला, तेव्हा काकाने त्याला बसायला घोंगडी दिली आणि विचारलं, "कागद आणलाय का?" गार्ड पाणी पिऊन गेला.

मतदानाला गावी जाल तेव्हा पोरांच्या खाऊबरोबर दोन सेलही घेऊन जा. जिंदाबाद!