एकच ब्राम्स, पाच रेकॉर्डिंग : ऐकायचं कुणाचं?

शेगावहून बोलतेय. ज्यांना कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे सगळं बोलणं इथे लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले ते थोडं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न फिरून फिरून आला. फोनवर एखाद्या पियानो कॉन्चेर्तोचं नाव टाकलं की एकाच रचनेची ढीगभर रेकॉर्डिंग समोर येतात. सूर तेच, भाग तेच, फक्त वाजवणाऱ्याचं नाव वेगळं. मग मेसेज येतो, "यातलं बेस्ट कोणतं ते सांग ना, तेवढंच ऐकतो." आज मी उत्तर देणार आहे, माझी आवडही शेवटी सांगणार आहे. पण आधी पाच रेकॉर्डिंगची गोष्ट ऐका. कारण "बेस्ट" विचारताना आपण आपले कान दुसऱ्याच्या हवाली करतो. आणि आपल्याकडे कान सोडून दुसरं आहे काय? शेगावात ऑर्केस्ट्रा नाही. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण ते इथून रेल्वेने एका रात्रीचं अंतर. म्हणजे आपला कॉन्सर्ट हॉल म्हणजे हा खिशातला फोन. त्यात काय निवडायचं हे आपल्याला आलं पाहिजे.

आधी दोन वाक्यांत, कॉन्चेर्तो म्हणजे काय. एका बाजूला साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या बाजूला एकटा पियानोवादक, आणि मध्ये उभा कंडक्टर. बहुतेक वेळा तीन भाग : पहिला मोठा, दुसरा संथ, तिसरा चपळ.

आपण आज घेतोय योहानेस ब्राम्सचा पहिला पियानो कॉन्चेर्तो, डी मायनरमधला. याची सुरुवात १८५४ मध्ये झाली. ब्राम्सचे गुरुतुल्य मित्र रॉबर्ट शूमन यांनी त्याच वर्षी ऱ्हाईन नदीत उडी घेतली होती. त्यांना वाचवलं, पण पुढची दोन वर्षं इस्पितळात काढून ते गेले. ब्राम्स तेव्हा विशीतला पोरगा. आधी दोन पियानोंसाठी म्हणून लिहायला घेतलेलं हे संगीत बदलत बदलत कॉन्चेर्तो झालं. संथ भागाबद्दल त्याने क्लारा शूमनला पत्रात कळवलं होतं की मी तुमचं एक हळुवार चित्र रंगवतोय. जानेवारी १८५९ मध्ये हानोवरला पहिला प्रयोग झाला, स्वतः ब्राम्स पियानोवर. पाच दिवसांनी लाइपझिगला वाजवलं, तर लोकांनी चक्क हिस्स हिस्स करून हुर्यो उडवली. तेव्हा तो होता २५ वर्षांचा. आज हीच रचना जगातल्या मोठ्या कॉन्चेर्तोंमध्ये धरतात.

आता मुद्द्याचं. आपल्या ख्यालात दोन गायकांची तुलना करताना दोघांचे आलाप, ताना वेगळ्याच असतात. इथे तसं नाही. ब्राम्सने प्रत्येक सूर लिहून ठेवलाय. वाजवणारा एकही सूर पदरचा घालत नाही. मग फरक उरतो कशात?

शेगावकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथे विजय ग्रंथाचं पारायण घराघरांत चालतं. अध्याय एकवीसच, ओव्याही त्याच. पण कुणी एका आसनात संपवतं, कुणी तीन दिवसांत, कुणी सात दिवसांत. कुणाची ओवी धावते, कुणी एका शब्दावर थांबतं आणि तो शब्द तुम्हाला पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखा वाटतो. पोथी तीच, वाचणारा बदलला की ऐकू येणारं बदलतं. कॉन्चेर्तोतही तसंच आहे. गती, जोर, बोटांचा स्पर्श, कोणता आवाज पुढे आणि कोणता मागे, एवढ्यावर सगळा खेळ.

फक्त एक भानगड आहे. पोथी वाचणारा एकटा असतो. कॉन्चेर्तोत दोघं आहेत, पियानोवादक आणि कंडक्टर. दोघांना गती वेगवेगळी हवी असेल तर?

पहिलं रेकॉर्डिंग याच भांडणाचं आहे. ६ एप्रिल १९६२, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. पियानोवर ग्लेन गोल्ड, कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन. वाजवायच्या आधी बर्नस्टाइन माइकसमोर आले आणि श्रोत्यांना सरळ सांगितलं की आज तुम्ही जे ऐकाल त्याच्याशी मी सहमत नाही. गोल्ड यांना हे फार संथ वाजवायचंय. पुढे त्यांनीच प्रश्न टाकला : कॉन्चेर्तोत मालक कोण, वादक की कंडक्टर? मग मी हे वाजवतोय तरी का, याचंही उत्तर दिलं. गोल्ड हा विचार करून वाजवणारा कलाकार आहे, आणि इतक्या वेळा वाजलेल्या रचनेकडे नव्याने बघायची संधी मला सोडायची नाही.

आपल्या मैफलीत हा प्रश्न सहसा उठत नाही. लय गायक ठरवतो, तबलजी ती धरून ठेवतो. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात गायचे तेव्हा तबल्याला ती संथ लय तोलून धरावीच लागायची. मैफलीत उठून "मला ही लय मान्य नाही" असं कुणी म्हणत नाही. बर्नस्टाइन म्हणाले, आणि तरीही साथ केली. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

त्या मैफलीत संपूर्ण रचनेला साधारण ५३ मिनिटं लागली. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक हॅरल्ड शॉनबर्ग यांनी तर टोमणा मारला की हात पोचत नसतील म्हणून हळू वाजवलं असेल. तुम्ही ऐका आणि ठरवा. आवाज जुना आहे, लोक खोकताहेत. पण लक्ष दिलं तर कळतं की गोल्ड ताकद दाखवत नाही. मोठा-छोटा, कठोर-मृदू असा विरोध तो मुद्दाम कमी करतो. मधले, एरवी दबून जाणारे सूर तो वर आणतो.

आता गंमत बघा. २१ वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच बर्नस्टाइननी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर हाच कॉन्चेर्तो क्रिस्टियान झिमरमन या तरुण पोलिश वादकासोबत रेकॉर्ड केला. आपलं दुसरं रेकॉर्डिंग ते. त्याची एकूण वेळ बघा : तीही गोल्डच्या आसपासच जाते. म्हणजे जी गती एकदा जाहीरपणे नाकारली, तिच्या जवळच माणूस स्वतः येऊन पोचला. पण दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर तुम्हाला ती एकसारखी वाटणार नाहीत. झिमरमन-बर्नस्टाइनमध्ये संथपणा भव्य होतो, मोठी लाट येते आणि फुटते. गोल्डमध्ये संथपणा म्हणजे विचार. म्हणून फोनवर दिसणारी मिनिटं बघून निकाल लावू नका. घड्याळ गती सांगतं, वजन सांगत नाही.

तिसरं रेकॉर्डिंगही १९६२ चंच, पण लंडनचं. पियानोवर क्लिफर्ड कर्झन, कंडक्टर जॉर्ज सेल, आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. सुरुवातीचा नगारा, म्हणजे टिंपनी, इथे अंगावर येतो. तंतुवाद्यं धारदार. पियानो येईपर्यंत तुम्ही सावरून बसलेले असता. आणि मग कर्झन येतो तो शांत, जवळजवळ खाजगी आवाजात. बाहेर वादळ आणि आत माणूस, असा फरक मला दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये इतका स्पष्ट ऐकू आला नाही.

चौथं आणि पाचवं रेकॉर्डिंग एकाच माणसाची आहेत : आर्थर रुबिनस्टाइन. जन्म १८८७. १९५४ मध्ये फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनीबरोबर त्यांनी हा कॉन्चेर्तो रेकॉर्ड केला. वय ६७, पण वाजवणं तरण्या माणसाचं. सरळ, ठाम, कुठेही रेंगाळणं नाही.

पुढे १९७६. रुबिनस्टाइन ८९ वर्षांचे. दृष्टी इतकी गेलेली की समोरचं नीट दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. या रचनेत हात पट्टीवर लांब लांब उड्या मारतात, हे ध्यानात घ्या. त्याच वर्षी त्यांनी मैफली कायमच्या थांबवल्या. ऑर्केस्ट्रा इस्राएल फिलहार्मोनिक, आणि कंडक्टर होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. १९३६ चा जन्म, म्हणजे तेव्हा चाळिशीला टेकलेले. झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलगा अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, शिकायला व्हिएन्नाला गेला. योगायोग असा की रुबिनस्टाइन शिकागोत पहिलं रेकॉर्डिंग करत होते तेही हेच वर्ष.

हे १९७६ चं रेकॉर्डिंग ऐकताना आधी १९५४ चं ऐकलेलं असलं पाहिजे. मग कळतं की म्हाताऱ्या माणसाने काय सोडलंय आणि काय राखलंय. धावण्याची ईर्षा सोडलीय. आवाजाचा गाभा राखलाय, उलट तो अजून खोल गेलाय. आणि ऑर्केस्ट्रा त्यांना ढकलत नाही. वादक जिथे श्वास घेतो तिथे थांबतो, पुन्हा बरोबर निघतो. न्यूयॉर्कच्या त्या मैफलीतला प्रश्न आठवा, मालक कोण? इथे तो प्रश्नच पडत नाही. आपण ज्याला संगत म्हणतो ना, ती ही.

आता तुमचं काम. पन्नास मिनिटांची पाच रेकॉर्डिंग सलग ऐकू नका, डोकं भणभणेल. तीन जागा पकडा आणि तेवढ्याच तुलना करा.

पहिली जागा : पियानोचा प्रवेश. पहिल्या भागात पियानो बराच वेळ गप्प असतो. साधारण साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या दरम्यान तो येतो, तोही हळू आवाजात. बघा, तो वादळाला उत्तर देतोय, की वादळ ऐकलंच नाही अशा थाटात येतोय?

दुसरी जागा : त्यानंतर तीनेक मिनिटांनी पियानो एकटाच एक भारदस्त, प्रार्थनेसारखी धून वाजवतो. ऑर्केस्ट्रा थांबलेला. इथे वादकावर कुणाची सक्ती नाही, म्हणून त्याचा स्वभाव इथे उघडा पडतो. मी पाचही रेकॉर्डिंगमध्ये ही जागा सर्वांत जास्त वेळा ऐकलीय.

तिसरी जागा : तिसऱ्या भागाची सुरुवात. पियानो एकट्याने उडी घेतो आणि ऑर्केस्ट्रा मागून येतो. पकड कुणाची आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, शफल बंद करा, नाहीतर दुसऱ्या भागानंतर भलतंच काहीतरी सुरू होईल. दोन, आवाजाची पातळी हाताने जुळवा. जुनी रेकॉर्डिंग हळू वाजतात, नवी मोठ्याने, आणि माणसाच्या कानाला मोठ्याने वाजणारं आपोआप चांगलं वाटतं. ही पातळी जुळवली नाही तर तुम्ही वादकांची तुलना करत नाही, इंजिनिअरांची करता.

अजून एक. जे रेकॉर्डिंग तुम्ही पहिलं ऐकाल तेच तुम्हाला "खरं" वाटेल आणि बाकीची चुकलेली. हे सगळ्यांचं होतं. म्हणून दुसरं ऐकल्यावर लगेच मत देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या आणि क्रम उलटा करून ऐका.

आता माझी आवड, कबूल केल्याप्रमाणे. पहिल्यांदा ऐकत असाल तर कर्झन आणि सेल. त्यात रचना स्वच्छ कळते आणि अंगावरही येते. दहा वेळा ऐकून झाल्यावर गोल्ड, कारण माहीत असलेली गोष्ट तो अनोळखी करून देतो. आणि फोनमध्ये एकच ठेवायचं असेल तर रुबिनस्टाइन आणि मेहता, १९७६. ते सर्वांत बिनचूक आहे म्हणून नव्हे. दिसत नसताना, आयुष्यभराच्या सवयीवर आणि समोरच्या ऑर्केस्ट्रावर भरवसा ठेवून वाजवलेलं ते आहे, आणि तो भरवसा ऐकू येतो म्हणून.

तुमचं मत याच्या अगदी उलट असू शकतं. असलं तर हरकत नाही, फक्त जागा सांगा : कुठल्या भागात, कितव्या मिनिटाला, काय ऐकू आलं. "भारी आहे" किंवा "बोअर आहे" एवढंच नको. पुढच्या एपिसोडमध्ये मी तुमची उत्तरं घेऊन बसणार आहे, आणि दोघांची मतं जिथे टक्कर घेतील ती जागा आपण परत ऐकू. तोवर हेडफोन चार्ज करून ठेवा. भेटू!