व्यायामशाळेचा उंबरा



चाळिशीनंतर हाडे विरळ होऊ लागतात आणि वजने उचलल्याने ती टिकण्यास मदत होते, हे आता आपणा सर्वांस ठाऊक आहे. तरी व्यायामशाळेच्या दारातून पाऊल आत पडत नाही. माझाही एक महिना असाच गेला.

वजनाला का आपण भितो? आपल्या सोलापुरात नळाला पाणी येते त्या दिवशी पंधरा-पंधरा लिटरचे हंडे जिन्यावरून नेतोच की! स्पर्धेत स्त्रियांना देतात तो रिकामा लोखंडी दांडा, म्हणजे रॉड, १५ किलोंचाच असतो. पुरुषांचा २०, आणि किंचित जाड. भीती असते ती नजरांची, आणि मेल्या त्या आरशांची!

मी शेजारणीस सोबत घेतले, दुपारची निवांत वेळ धरली आणि शिकवणाऱ्यास पहिल्याच दिवशी विचारले, "हलका रॉड कोणता?" आठवड्याने उमगले, जो तो स्वतःचेच दंड न्याहाळण्यात गुंग!

वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ग्रीसमध्ये कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटाचे सुवर्णपदक मिळविले. ७० आणि ८३, मिळून १५३ किलो. तिचे वडीलही वजने उचलणारे. आपल्या घरांत असे कोण असणार? म्हणून चौघीजणींनी तरी येत्या सोमवारी माझ्याबरोबर यावे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.