आधी माप, मग करवत



विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. मुलांना खेळापासून कसे आवरावे या विवंचनेत आपण असताना, जुन्या टीव्ही गेमचे हातात मावणारे यंत्र कसे करावे, हे सांगायला मी उभा आहे. परंतु थोडा धीर धरा.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणले. पुढे त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडेही आल्या. पिवळी कॅसेट खोचून टीव्हीला जोडायची ती यंत्रे आज अनेकांच्या माळ्यावर धूळ खात असतील.

शाळेत असताना असे एक यंत्र जेवणाच्या डब्यात बसवण्याचा घाट मी घातला. यंत्र धाकट्या भावाचे होते. आतली सर्किटची पाटी मावेना, म्हणून करवतीने तिची कड कापली. कडेच्या तांब्याच्या रेघा तुटल्या आणि यंत्र कायमचे बंद पडले. भाऊ दोन दिवस बोलला नाही. अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “कापण्याआधी मोजलं होतंस का, बेटा?”

विद्यार्थी मित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही वहीत आधी लिहून ठेवा. यंत्र टीव्हीवर नीट चालते ना, हे प्रथम पाहा. मग मल्टीमीटरने ते किती वीज घेते ते मोजा. समजा, ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर ते ०.३ अँपिअर घेते. आतला ७८०५ हा रेग्युलेटर त्यातून ५ व्होल्ट देतो आणि उरलेल्या ४ व्होल्टची उष्णता करतो. म्हणजे १.५ वॉट कामी येतात, १.२ वॉट वाया जातात. बॅटरीवर ही उधळपट्टी परवडणार नाही. म्हणून तो रेग्युलेटर काढून, बॅटरीपासून थेट ५ व्होल्ट करणारे छोटे कन्व्हर्टर सर्किट लावायचे.

मोटारीच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी मिळणारा लहान पडदा येथे चालतो. तो १२ व्होल्टवर ०.२ अँपिअर घेत असेल, तर २.४ वॉट झाले. एकूण सुमारे ४ वॉट. ३.७ व्होल्ट, २.५ अँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे ९ वॉट-तास असतात. कन्व्हर्टरमधील घट धरली, तर खेळ चालेल सुमारे दोन तास. शाळेतला गुणाकार-भागाकार येथे उपयोगी पडतो.

कंट्रोलरची बटणे एकेक करून जोडू नका. त्याची मूळ पाटीच पेटीत बसवा, पाच तारांत काम भागते. कॅसेटची ६० पिनांची खाच मात्र जागची हलवू नका. पेटीच तिच्याभोवती आखा.

नंतर सर्व भाग टेबलावर पसरून जोडा आणि तासभर चालवा. काय तापते, ते पाहा. मग पुठ्ठ्याची पेटी करून हातात धरून पाहा. हे सारे जमले, तरच करवत उचला.

पालकांनो, एका बाबतीत मात्र कडक राहा. लिथियम सेल हे खेळणे नव्हे. संरक्षक सर्किटशिवाय तो वापरू देऊ नका. त्यावर थेट डाग देऊ नये, फुगलेला सेल चार्ज करू नये, आणि ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या चार्जरवरच तो लावावा. चार्जिंग चालू ठेवून कोणी झोपू नये. येथे चूक झाली, तर घराला आग लागू शकते.

मुलगा असो वा मुलगी, जुने यंत्र उघडायला मागेल तेव्हा “बिघडवशील” म्हणून हातातून काढून घेऊ नका. आधी तिची वही पाहायला मागा. वहीत आकडे असतील, तर पेचकस खुशाल द्या. नसतील, तर एक मल्टीमीटर आणून द्या आणि शेजारी बसा. आकडे समजले नाहीत, तरी “मोजलंस का?” एवढे विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

अब्बांचा तो प्रश्न मला यंत्र गमावल्यावर ऐकायला मिळाला. तुमच्या मुलांना तो आधीच ऐकायला मिळो.