बदलती समाजमाध्यमे आणि लहान दुकानदार



समाजमाध्यमांवर विसंबून चालणाऱ्या लहान व्यवसायांचा विचार चंडीगढ शहरापासून सुरू करणे सोयीचे ठरेल. सरकारी कचेऱ्यांचे आणि आखीव रस्त्यांचे शहर म्हणून चंडीगढची ख्याती आहे. पंजाबातील व्यापाराचा विषय निघाला की लुधियाना आणि अमृतसर यांचीच नावे आधी घेतली जातात. तथापि दुकानदार आणि त्याचे दुकान ज्या रस्त्यावर उभे असते तो रस्ता, यांचा परस्परसंबंध कसा असतो, हे या नियोजित शहरात जितके स्पष्ट दिसते तितके आपोआप वाढलेल्या जुन्या शहरांत दिसत नाही.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला नव्या राजधानीची गरज भासू लागली. वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार वसवलेल्या या राजधानीचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. शहर सेक्टरांत विभागण्यात आले. साधारणपणे एक सेक्टर बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद. वेगवान वाहतुकीचे हमरस्ते सेक्टरांच्या कडेने जातात आणि बाजाराचा रस्ता सेक्टरच्या पोटातून जातो. पुढे १९५४ साली शहरासाठी जाहिरात नियंत्रण आदेश काढण्यात आला आणि रस्त्यांवरील जाहिरातफलकांना कडक निर्बंध लागू झाले. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील व्यापारी आपली पाटी दुरूनही वाचता यावी म्हणून धडपडतो; चंडीगढच्या व्यापाऱ्याला ती मोकळीक कधीच नव्हती. गिऱ्हाईक जोडायचे तर ओळखीवर, सचोटीवर आणि एकाने दुसऱ्याला केलेल्या शिफारशीवर, हे त्याला आरंभापासून शिकावे लागले.

याच शहरातील आणखी दोन घटना या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. सेक्टर १७ हे शहराचे मध्यवर्ती व्यापारपीठ म्हणून आखले गेले. वाहनांना मज्जाव असलेला विस्तीर्ण चौक आणि सभोवार एकसारख्या काँक्रीटच्या इमारती, अशी त्याची रचना. तेथील दुकान म्हणजे प्रतिष्ठेची जागा, असे कित्येक दशके मानले गेले. २०१३ साली औद्योगिक वसाहतीत एलांते हा भव्य मॉल उघडला आणि संध्याकाळच्या गर्दीचा मोठा हिस्सा तिकडे वळला. सेक्टर १७ मधील दुकानदाराच्या मालात काही खोट आली नव्हती. बदलली होती ती लोकांची वाट.

दुसरी घटना फेरीवाल्यांची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहरात विक्रीची क्षेत्रे ठरवण्यात आली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर २०१९ मध्ये सेक्टर १७, १९ आणि २२ यांसारख्या गजबजलेल्या बाजारांतील विक्रेत्यांना तेथून हलवून नेमून दिलेल्या जागी जाण्यास सांगण्यात आले. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. मात्र अशा वेळी दोन प्रकारच्या विक्रेत्यांत कोणता भेद पडतो, हे लक्षात घ्यावे. ज्याचे गिऱ्हाईक केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी असते, त्याचा धंदा जागेबरोबर जातो. ज्याचे गिऱ्हाईक त्याला नावानिशी ओळखते, ते त्याचा पत्ता विचारीत नव्या जागी येण्याचा निदान संभव असतो.

समाजमाध्यमे हाही असाच एक रस्ता आहे. तो सुरुवातीस फुकट वापरता येतो, त्यावर अहोरात्र वर्दळ असते आणि त्याला शहराची सीमा नसते. मणिमाजऱ्यातील एखादी स्त्री घरी बसून फुलकारीचे दुपट्टे भरीत असेल, तर तिला सेक्टर २२ मध्ये बूथ घेण्याची ऐपत नसतानाही मुंबईची किंवा टोरांटोची मागणी येऊ शकते. पूर्वी अशा स्त्रीला तिचे काम अल्प मजुरीत उचलणाऱ्या मध्यस्थाशिवाय दुसरा आधार नव्हता. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हा रस्ता खासगी मालकीचा आहे, आणि मालक तो केव्हाही वळवू शकतो, त्यावर जकात बसवू शकतो किंवा बंदही करू शकतो.

गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर हे तिन्ही प्रकार घडलेले आढळतात. भारतात अतिशय लोकप्रिय झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. इन्स्टाग्रामवरील चित्रे पूर्वी काळानुक्रमे दिसत. २०१६ साली त्यांचा क्रम यंत्राच्या गणिताने ठरवला जाईल असे जाहीर झाले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने कुटुंबीय आणि मित्र यांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे ठरवले. व्यावसायिक पृष्ठांचा मजकूर यापुढे कमी दिसेल, हेही स्पष्ट केले. ज्या दुकानदाराने वर्षानुवर्षे खपून हजारो अनुयायी जमवले होते, त्याचा शब्द त्यांच्यातील थोड्यांपर्यंतच पोहोचू लागला. उरलेल्यांपर्यंत जायचे तर जाहिरातीचे पैसे मोजणे आले. दुकानाचे भाडे वाचले असे जे वाटत होते, ते या रूपाने परत आले.

रस्ता एका रात्रीत बंद होण्याचे उदाहरणही ताजेच आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ उपयोजनांवर बंदी घातली. टिकटॉक त्यांपैकीच एक होते. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ज्यांनी आपले कसब तेथील छोट्या चित्रफितींतून लोकांपुढे मांडले होते, त्यांचा प्रेक्षकवर्ग एकाएकी नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले खरे, परंतु तेथे पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागले. याहून लहान पण बोलकी घटना ४ ऑक्टोबर २०२१ ची. यंत्रणेच्या देखभालीतील एका चुकीमुळे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तीन वेगवेगळे दरवाजे आहेत अशा समजुतीत असलेल्यांना ते एकाच घराचे असल्याचे त्या रात्री कळले.

मग लहान व्यावसायिकाने काय करावे? प्रत्येक बदलामागे धावावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. आज चित्र, उद्या चित्रफीत, परवा आणखी काही. मोठ्या कंपनीला हे जमते, कारण या कामासाठी तिच्यापाशी स्वतंत्र माणसे असतात. फुलकारीचा टाका कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून घालावा लागतो. एक दुपट्टा भरण्यास कित्येक दिवस लागतात. जी स्त्री हे काम करते, तिने दिवसाचे चार तास चित्रफिती करण्यात घालवले तर विकायला माल कोठून येणार? याउलट माध्यमांकडे पाठच फिरवावी, हाही सल्ला व्यवहार्य नाही. अनोळखी गिऱ्हाईक आज याच वाटेने येते.

या दोहोंच्या मधला मार्ग चंडीगढच्या जुन्या दुकानदाराला ठाऊक होता. रस्त्याचा उपयोग गिऱ्हाईक येण्यापुरता. एकदा ते आत आले की नाते दुकानाशी जडले पाहिजे. या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकवही. नाव, दूरध्वनी क्रमांक, काय घेतले, केव्हा घेतले आणि पुन्हा कळवलेले चालेल काय, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. ही वही कागदाची असो वा संगणकावरची, ती दुकानदाराच्या ताब्यात असावी आणि तिची एक प्रत निराळ्या ठिकाणी असावी. मात्र परवानगी विचारणे ही केवळ सभ्यता समजू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे, आणि विश्वासाने दिलेला क्रमांक दुसऱ्याला देणे हा गिऱ्हाइकाचा विश्वासघातही आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. व्हॉट्सअॅपवर प्रसारण-यादीने पाठवलेला निरोप, ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या दूरध्वनीत जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. म्हणून माल हाती देताना ‘आमचा क्रमांक नोंदवून ठेवा’ असे सांगणे, पावतीवर आणि पिशवीवर तो ठळक छापणे, हे कितीही क्षुल्लक वाटले तरी महत्त्वाचे आहे. ज्याला निरोप हवा असतो तोच क्रमांक जतन करतो. असे शंभर जण हजारो अनोळखी अनुयायांपेक्षा भरवशाचे असतात.

तिसरी गोष्ट, मालाची छायाचित्रे, चित्रफिती, गिऱ्हाइकांचे अभिप्राय यांच्या मूळ प्रती घरी ठेवाव्यात. माध्यमावर जाते ती प्रत. मूळ कधीच तेथे एकटे सोडू नये. माध्यम बदलले तर तेच साहित्य नव्या जागी मांडता येते. संकेतस्थळ करायचे झाल्यास त्याचे नाव स्वतःच्या मालकीचे असावे. गूगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर मिळणारी विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा आपले म्हणून जे होते तेही उसने होते, याचा अनुभव अनेक लहान व्यावसायिकांना आला.

चौथी गोष्ट मापनाची. किती लोकांनी पाहिले, किती जणांना आवडले, या आकड्यांनी मन सुखावते. परंतु हे आकडे माध्यमाने दिलेले असतात. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचे नाव कोठे कळले?’ असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे. तीन महिन्यांनी ही पाने चाळली की वेळ आणि पैसा कोठे खर्चावा हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. जे माध्यम गिऱ्हाईक आणत नाही ते सोडण्याचे आणि नवे माध्यम थोडक्यात अजमावून पाहण्याचे धैर्य या नोंदींतून येते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, वहीतले गिऱ्हाईक जुने झाले, कोणी गाव सोडून गेले, कोणाची आवड बदलली, तर केवळ वहीने धंदा कसा वाढणार? आक्षेप रास्त आहे. वही नवे गिऱ्हाईक आणीत नाही. ते काम रस्त्याचेच, म्हणून रस्ता सोडून चालणार नाही. वहीचा उपयोग वेगळा आहे. रस्ता बदलतो त्या काळात, नवी वाट अंगवळणी पडेपर्यंत, ती घर चालवते. टिकटॉक बंद झाल्यानंतरचा महिना असो वा विक्रेत्यांना जागा सोडावी लागली तो हिवाळा असो, लहान माणसाला मोठा फायदा नको असतो. त्याला तेवढे दोन-तीन महिने तरून जायचे असते. मोठ्या दुकानाचा तोटा हिशेबाच्या वहीत मांडला जातो, लहान दुकानदाराचा तोटा मुलांच्या शाळेच्या शुल्कात आणि घरातल्या किराण्यात दिसतो.

चंडीगढच्या बाजारांत संध्याकाळी फिरणाऱ्याला आजही असे दुकानदार भेटतात, जे गिऱ्हाइकाच्या आजोबांपासूनची ओळख सांगतात. त्यांच्या दुकानावर मोठी पाटी नाही आणि ती लावण्याची त्यांना परवानगीही नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी आता गल्ल्याशेजारी दूरध्वनी उभा करून ठेवला आहे आणि नव्या मालाची चित्रे ते त्यावरून पाठवतात. पाठवायची कोणाला, हे मात्र त्यांना माध्यमाने सांगावे लागत नाही.