पेशीचा पहारेकरी : पी ५३



पाचूबंदरातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारा रुग्ण पहाटे रिक्षाने वसई रोड स्थानक गाठतो आणि तेथून लोकलने दादरकडे निघतो. त्याच्या हातातील फायलीत कधी कधी ‘पी ५३’ अशी एक नोंद आढळते. नातेवाइकांना ते औषधाचे नाव वाटते. वस्तुतः ते प्रत्येकाच्या शरीरात असणाऱ्या एका प्रथिनाचे नाव आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हे प्रथिन आणि ते घडविणारे जनुक हा आहे.

जनुक म्हणजे पेशीत जपून ठेवलेली लेखी सूचना. सतराव्या गुणसूत्रावरील ‘टीपी ५३’ या जनुकातील सूचनेनुसार ३९३ अमिनो आम्लांची एक साखळी तयार होते. तेच पी ५३ प्रथिन. त्याचा शोध १९७९ मध्ये लागला. प्रारंभी ते कर्करोगास पोषक असल्याचा समज झाला, कारण संशोधकांच्या हाती आलेली जनुके मुळातच बिघडलेली होती. १९८९ मध्ये हा गैरसमज दूर झाला आणि निरोगी पी ५३ गाठीची वाढ रोखते हे सिद्ध झाले. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये त्यास जनुकसंचाचा रक्षक अशी सार्थ उपमा दिली.

या रक्षकाचे काम कापडाच्या व्यवसायातील उदाहरणाने सहज समजेल. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. कारागीर धागा सांधतो आणि माग पुन्हा सुरू होतो. दोष सुधारण्यापलीकडचा असेल, तर तेवढा तुकडा कापून बाजूला काढला जातो. पेशीतील डीएनएला इजा झाली की पी ५३ याच रीतीने पेशीचे विभाजन थांबविते आणि दुरुस्तीस अवधी देते. दुरुस्ती अशक्य असल्यास ते त्या पेशीला स्वतःचा शेवट करण्यास भाग पाडते. हा पहारा उठला की सदोष पेशी विभागत राहतात. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्या रोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

बहुतेक वेळा हा बिघाड जन्मानंतर घडतो. तंबाखूच्या धुरातील काही रसायने नेमकी याच जनुकाच्या ठरावीक जागी चिकटतात. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी जनुकांची ही भाषा अवगत होण्याच्या कितीतरी आधी लोकांच्या सवयी व चालीरीती यांचा कर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासिला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ मध्ये खारघर येथे गेली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु तंबाखूची चिमूट आणि सकाळची मिश्री अनेक घरांत अद्याप ठाण मांडून आहेत.

दुसरा शत्रू विषाणूच्या रूपाने येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारा एचपीव्ही हा विषाणू ‘ई ६’ नावाचे प्रथिन तयार करतो व त्याच्याकरवी पी ५३ चा नाश घडवितो. येथे मात्र उपाय हाताशी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस २०२३ मध्ये उपलब्ध झाली. मुलींना ही लस वेळेवर देणे म्हणजे त्या पहारेकऱ्यास बळ देणे होय.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे. क्वचित एखाद्या कुटुंबात सदोष टीपी ५३ जन्मतःच वारशाने येते. ली आणि फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन केले. १९९० मध्ये त्यामागील जनुक सापडले. अशा माता किंवा पित्याच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो दोष जाण्याची शक्यता निम्मी असते. दोष आला म्हणजे रोग होईलच असे नाही, मात्र धोका पुष्कळ वाढतो. नियमित तपासणी असल्यास गाठ लहान असतानाच हाती लागू शकते.

परंतु तपासणी कोणी करावी, हे घरचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज कळत नाही. नेमका तोच इतिहास सोयरीक जुळविताना दडविला जातो. आत्याला काय झाले होते, मावशी तरुणपणी कशाने गेली, असे विचारले की ‘ताप होता’ असे उत्तर मिळते. या मौनाची किंमत पुढच्या पिढीतील एखादी लेक किंवा सून मोजते. डॉक्टरांपुढे तरी तीन पिढ्यांचा खरा वृत्तांत ठेवला जावा. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अशा कुटुंबांना सल्ला देणारा कर्करोग आनुवंशिकी विभाग कार्यरत आहे.

पूर्वजांकडून आलेले जनुक हा कोणाचाही अपराध नव्हे. रोग झालेल्या स्त्रीस अथवा तिच्या माहेरास दोष देणे हे अज्ञान आहे. पेशीतील पहारेकरी चूक दिसताच काम थांबवितो, तिच्यावर पांघरूण घालीत नाही. प्रत्येक घराने एवढा एकच धडा त्याच्याकडून घेतला, तरी आजच्या विवेचनाचे सार्थक होईल.